आधी वही उघडा: गावातल्या ख्रिस्ती कुटुंबासाठी धंदा आणि गुंतवणुकीची पहिली पावलं

एक दोनशे पानी आखीव वही घ्या. पहिल्या पानावर तारीख घाला आणि खाली तीन गोष्टी लिहा: घरात काय आहे, कोणाचं किती देणं आहे, कोणाकडून किती येणं आहे. वावर किती एकर आणि सातबारा कोणाच्या नावावर, गोठ्यात जनावरं किती, सोनं किती, बचत गटात जमा किती, कृषी सेवा केंद्राची उधारी किती, पीककर्ज किती, साळ्याला दिलेले पाच हजार परत आले की नाही. एक संध्याकाळ लागते. नवरा-बायको दोघांनी बसून लिहायचं. एकट्याने लिहिलेल्या वहीत काहीतरी लपतंच.

"धंदा करायचा आहे, पण विश्वासात राहून करायचा आहे," असं म्हणत आमच्या मंडळीतली (चर्चमधली) तरुण मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना पहिलं हेच काम सांगतो. मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. सहा एकर वावर, कापूस आणि तूर, आणि आठ वर्षांपासून छोटी डाळमिल. काही वर्षं मंडळीचा खजिनदार होतो. शिकलो त्यातलं बरंचसं चुकून शिकलो, आणि त्यातली एक चूक पुढे सविस्तर सांगणार आहे.

वहीचा आग्रह का, ते पवित्र शास्त्रात मत्तयाच्या २५ व्या अध्यायात आहे. धनी परदेशी जाताना तीन दासांकडे पैसे सोपवतो: पाच तलांत, दोन तलांत, एक तलांत. एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. ज्याला सगळ्यात कमी मिळालं त्याच्या हातातही जवळपास वीस वर्षांची कमाई होती. पुष्कळ जण हा दृष्टांत सांगताना "पैसे दुप्पट करा" इथेच थांबतात. मला त्यातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं: पुष्कळ दिवसांनी धनी आला आणि त्याने हिशेब घेतला. पाचवाल्याला आणि दोनवाल्याला शाबासकी सारखीच मिळाली. पैसा त्यांचा नव्हता, ते कारभारी होते. कारभाऱ्याकडे वही नसेल तर तो धन्यापुढे उभा कसा राहणार?

आपल्या समाजात धंद्याची भीती आहे आणि तिला कारण आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांच्यामागून शाळा आल्या, दवाखाने आले; नागपूरचं म्युअर मेमोरियल, वाशिमचं रेनॉल्ड्स मेमोरियल. आपल्या आज्या परिचारिका झाल्या, आजोबा शिक्षक झाले, कंपाउंडर झाले. महिन्याचा पगार, मिशनच्या आवारातलं घर, निवृत्तीनंतर थोडी पुंजी. त्या नोकऱ्यांनी आपल्याला शिकवलं आणि उभं केलं, पण दुकान कसं चालतं, भांडवल कसं फिरतं, हे घरात कोणी पाहिलं नाही. आता त्या नोकऱ्या उरल्या नाहीत. पण धंदा जवळून न पाहिल्यामुळे अनेकांच्या मनात धंदा म्हणजे थोडी लबाडी आलीच असं बसलंय. पौल तंबू बनवायचा, त्यावर पोट भरायचा (प्रेषितांची कृत्ये १८:३). लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करायची आणि फिलिप्पैतल्या मंडळीला तिच्याच घराने आसरा दिला (१६:१४ आणि ४०). धंद्याची लाज वाटू देऊ नका.

देणं आधी

वहीत देण्याचा रकाना मोठा निघाला तर गुंतवणुकीचा विचार बाजूला ठेवा. गावात सावकाराचा भाव शेकडा तीन ते पाच रुपये महिना ऐकू येतो; म्हणजे वर्षाला ३६ ते ६० टक्के. एवढा परतावा प्रामाणिक मार्गाने देणारी कुठलीही ठेव जगात नाही. म्हणून सावकाराचे पैसे फेडणं हीच तुमची पहिली आणि सगळ्यात फायद्याची गुंतवणूक. त्यानंतर साप्ताहिक हप्त्याचं गट-कर्ज, मग दागिन्यांवरचं, शेवटी बँकेचं. पीककर्ज मात्र कधी थकवू नका. राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज तारखेच्या आत भरलं तर व्याज सवलतीमुळे जवळजवळ बिनव्याजी पडतं. तारीख चुकली की ती सवलतही जाते आणि पुढच्या वर्षी बँकेच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

सावकाराकडे परवाना नसेल, किंवा त्याने वावराचं खरेदीखत करून घेतलं असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. "देव पाहून घेईल" म्हणून गप्प बसू नका. लूकाच्या १८ व्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाच्या दाराशी पुन्हा पुन्हा गेली, ते विसरू नका.

जामिनकीबद्दल मी कठोर आहे. नीतिसूत्रांत तीन-चार ठिकाणी हात मारून जामीन राहणाऱ्याला इशारा आहे. सहाव्या अध्यायात तर म्हटलंय की अडकला असशील तर हरणासारखा पळ काढ. आपल्याकडे मात्र "भाऊ, आपण एकाच मंडळीचे" एवढ्यावर सह्या होतात. कर्जदाराने पैसे भरले नाहीत तर बँक जामीनदाराच्या दारात येते, आणि मग रविवारी एका बाकावर बसणारी दोन घरं एकमेकांकडे बघत नाहीत. नियम सोपा ठेवा: जेवढी रक्कम उद्या स्वतःच्या खिशातून भरून, परत न मागता विसरता येईल, तेवढ्यालाच जामीन राहा. ती ताकद नसेल तर आजच नाही म्हणा, त्यांच्याबरोबर बसून प्रार्थना करा आणि त्यांची वही लिहायला मदत करा.

मग एखाद्या गरजूला आपण व्याजाने पैसे द्यावेत का? निर्गम २२:२५ स्पष्ट आहे: गरीब बांधवाला उसने दिलेस तर सावकारासारखा वागू नकोस, व्याज लावू नकोस. दवाखान्याला, मयतीला, पोराच्या फीला दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कोणाच्या धंद्यात भांडवल घातलं तर गोष्ट वेगळी. तिथे नफ्यातला वाटा ठरवून घ्यावा आणि तो कागदावर लिहावा. बचत गटातलं व्याजही मला चालतं, कारण ते गटातल्याच बायकांमध्ये वाटलं जातं.

योसेफाचा पाचवा हिस्सा

कापसाचा पैसा दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत येतो आणि जूनमध्ये पेरणीला तोच पैसा लागतो. मधल्या महिन्यांत लग्नं असतात, पोरांच्या परीक्षा असतात, नवा मोबाईल असतो. मे महिना येतो तेव्हा घर कोरडं. बियाणं आणि खत उधारीवर घेतलं की दुकानदार सांगेल तो भाव. उत्पत्तीच्या ४१ व्या अध्यायात योसेफ फारोला सांगतो की सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा राखून ठेवा. मी कापसाचा चुकारा (विक्रीचे पैसे) हातात आला की त्याच दिवशी पाचवा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकतो. त्या खात्याचं एटीएम कार्डच घेतलेलं नाही. पहिली दोन वर्षं जड जातं. तिसऱ्या वर्षी पेरणीचं बियाणं रोखीने घेताना आपोआप कळतं की हे का केलं.

त्याच सुमारास दोन विमे उतरवून टाका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, अपघातासाठी दोन लाख; जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपये, कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी दोन लाख, आणि तो ५० वर्षं वयाच्या आत घ्यावा लागतो. विमा म्हणजे अविश्वास, असं म्हणणारे भाऊ भेटतात. मी त्यांना १ तीमथ्य ५:८ दाखवतो: घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल पौल किती कडक बोलतो ते वाचा.

शिल्लक पैसा कुठे ठेवायचा

पोस्टाच्या आवर्ती ठेवीपासून सुरुवात करा. दरमहा शंभर रुपयांपासून भरता येतात आणि मुदत पाच वर्षांची. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं. लांबच्या पल्ल्यासाठी पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी): वर्षाला किमान ५०० रुपये, मुदत १५ वर्षं.

बँकेतली ठेव पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाकडून सुरक्षित असते. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. गावातले लोक बोर्ड बघतात, "अर्बन", "मल्टीस्टेट" वाचतात आणि बँकच समजतात. एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी मुलीच्या लग्नाचे पैसे तिथे ठेवू नका. आणि ठेवायचेच असले तर सगळे एका ठिकाणी नकोत. उपदेशक ११:२ सांगतो की सात काय, आठ ठिकाणी वाटून ठेव, कारण पृथ्वीवर काय अरिष्ट येईल ते तुला ठाऊक नाही. ज्याने एकाच वर्षी गारपीट आणि बोंडअळी पाहिली त्याला हे वचन समजावून सांगावं लागत नाही.

म्युच्युअल फंडाबद्दल मुलं सगळ्यात जास्त विचारतात. पाच-सात वर्षं लागणार नाहीत असेच पैसे तिथे घाला. निफ्टी ५० वर (शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या यादीवर) चालणाऱ्या इंडेक्स फंडात पाचशे रुपयांची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेला हप्ता, ही साधी सुरुवात. २०२० मध्ये मार्चपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत बाजार तीसहून जास्त टक्के घसरला होता. तेव्हा ज्यांनी घाबरून काढले त्यांचं नुकसान पक्कं झालं. असं पुन्हा होईल हे धरूनच पैसे घाला. काही जणांना प्रश्न पडतो की निफ्टीत सिगारेट विकणारी कंपनीही आहे, मग ते पाप का? माझं मन म्हणतं की पन्नास कंपन्यांच्या टोपलीतला तो छोटा वाटा आणि स्वतः तंबाखूचा माल विकत बसणं, यात फरक आहे. पण कोणाचा विवेक टोचत असेल तर त्याने पोस्ट आणि पीपीएफवर थांबावं. कुणीही त्याला मागासलेला म्हणू नये. विवेकाच्या बाबतीत एकमेकांना दोष लावू नका, असं सांगणारा रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय अशाच प्रसंगांसाठी आहे.

फ्युचर्स-ऑप्शनच्या, म्हणजे शेअरचा भाव पुढे चढेल की उतरेल यावर पैसे लावण्याच्या, नादाला मात्र लागू नका. सेबीने (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या दर दहा सामान्य माणसांपैकी नऊहून अधिक तोट्यात निघाले. आमच्या तालुक्यात पोरं चहाच्या टपरीवर बसून मोबाईलवर हे करतात. ते गुंतवणूक म्हणत असले तरी तो सट्टा आहे.

मंडळीत आलेला पाहुणा

आता ती चूक. काही वर्षांपूर्वी उपासनेनंतर एक पाहुणा उभा राहिला. साक्ष चांगली दिली, वचनं तोंडपाठ, आवाज गोड. देवाच्या लोकांनी गरीब राहू नये म्हणून एक योजना आहे, महिन्याला दहा टक्के, असं त्याने सांगितलं. मी खजिनदार. हिशेबाची वही माझ्या हातात. तरी मी एकही प्रश्न न विचारता वीस हजार घातले. पहिले तीन महिने दोन-दोन हजार आले. तिसऱ्या महिन्यात मी देवळात उभं राहून त्याबद्दल उपकारस्तुती केली.

माझं ते बोलणं ऐकून दोन घरांनी पैसे घातले. एक घर विधवा बाईंचं. त्यांनी दुभती म्हैस विकून तीस हजार दिले. पाचव्या महिन्यात त्या माणसाचा फोन बंद झाला आणि नंतर त्या पत्त्यावर दुसराच भाडेकरू निघाला. माझे चौदा हजार गेले, ते मी सोसले. पण त्या बाई रविवारी देवळात यायच्या, मागच्या बाकावर बसायच्या आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांचा रिकामा गोठा माझ्या वावराच्या वाटेवर होता. पुढच्या दोन हंगामांत मी त्यांचे तीस हजार भरून दिले. कायद्याने माझ्यावर जबाबदारी नव्हती, पण त्यांनी पैसे त्या माणसावर विश्वास ठेवून नव्हे, माझ्यावर विश्वास ठेवून घातले होते.

म्हणून हे पाऊल नीट वाचा. मंडळीत एकमेकांवर असलेला विश्वास हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, आणि ते लुटायला येणारा माणूस आपलीच भाषा बोलत येतो. कोणी देवाचं नाव घेऊन पैसे मागितले तर त्याच्याकडे दुप्पट हिशेब मागा. महिन्याला दहा टक्के, आणि आलेले पैसे पुन्हा तिथेच घातले, तर आठ महिन्यांत दुप्पट. पोस्टाच्या किसान विकास पत्राला दुप्पट व्हायला नऊ वर्षांहून जास्त लागतात. मग तो माणूस असा कोणता धंदा करतो? त्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. ठेव घेत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघा, तक्रारही तिथेच करता येते. नोंदणी नसलेल्या ठेव योजनांना २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा कायदाही आहे. तेव्हा फसलात तर लाजून घरी न बसता पोलिसांत जा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० वर फोन लावा.

"बी पेरा, शंभरपट मिळेल" म्हणून अर्पण मागणाऱ्यांबद्दलही माझं हेच मत. अर्पण हे उपकार मानून दिलेलं असतं. परताव्याची आशा दाखवून घेतलेला पैसा म्हणजे गुंतवणूक, आणि मग गुंतवणुकीचे सगळे प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा कोणी बोट दाखवू नये म्हणून सोबत माणसं घेतली (२ करिंथ ८:२०-२१). पौलाला जे जमलं ते आपल्या पुढाऱ्यांनाही जमायला हवं.

पाळकसाहेबांना एक विनंती: देवळातून कुठल्याही योजनेची घोषणा करू देऊ नका, माझ्या डाळीचीसुद्धा नाही.

धंद्याचा हिशेब

लूक १४:२८ मध्ये प्रभू विचारतो की बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब कोण करत नाही? हा प्रश्न शिष्यत्वाबद्दल आहे, पण उदाहरण बांधकामाचं दिलं, आणि ऐकणाऱ्यांना ते पटलं.

माझ्या डाळमिलचं उदाहरण घेतो. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळमिल विदर्भात पुष्कळ गावांत दिसते. छोट्या उद्योगाला ती बरी. तूर क्विंटलला ७,५०० रुपये धरा. तेल लावणं, उन्हात वाळवणं, वीज आणि एका माणसाची मजुरी मिळून ४५० रुपये. पाकिटं आणि लेबल २०० रुपये. झाले ८,१५०. क्विंटलमधून साधारण ७२ किलो डाळ निघते. चुनी-भुसा २२ किलो, वीस रुपयांनी जनावरवाले घेतात, ४४० रुपये आले. उरले ७,७१०. म्हणजे डाळ पडली किलोला १०७ रुपये. बाजारात १२५ ला विकली तर अठरा रुपये सुटले, असं वाटतं. पण यात तुमची स्वतःची दिवसाची मजुरी धरलेली नाही. ती ३०० धरली तर किलोमागे चार रुपये आणखी गेले. दुकानदार आठ-दहा रुपये मागतो. मशीनचा हप्ता आहे, पावसाळ्यात तूर वाळत नाही म्हणून तीन-चार महिने मिल बंद, आणि उधारी बुडते ती वेगळीच. हे सगळं वहीत उतरवल्यावर कळतं की धंदा चालेल, पण थेट गिऱ्हाइकाला विकली तरच. मी पहिल्या वर्षी दुकानांना माल दिला आणि वर्षभर फुकट राबलो.

शेळ्या असोत, संत्र्याचा रस असो, शिवणयंत्र असो, मशीन घेण्याआधी असा एक पान हिशेब लिहा आणि मंडळीबाहेरच्या एखाद्या जुन्या दुकानदाराला दाखवा. आपली माणसं प्रेमापोटी "छान आहे" म्हणतात.

कर्ज लागलंच तर सरकारी योजना बघा. छोट्या धंद्यांसाठीच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशू गटात ५० हजारांपर्यंत मिळतात. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) ग्रामीण भागात अल्पसंख्याकांना ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचा वाटा ५ टक्के. ख्रिस्ती समाज अधिसूचित अल्पसंख्याक आहे, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. अन्नप्रक्रियेसाठी पीएमएफएमई या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त दहा लाख. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होते, त्याचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. अर्जात धर्म खरा लिहा. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दाखला लागू होत नाही, आणि हा अन्याय आहे असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं, मलाही वाटतं. त्याविरुद्ध उघड बोलावं, अर्ज करावेत, पण खोट्या कागदावर धंदा उभारू नये. अनुसूचित जमातीचा दाखला धर्म बदलल्याने जात नाही, तेव्हा गडचिरोली-मेळघाटकडच्या भावांनी तो निःसंकोच वापरावा.

काटा आणि मजुरी

आपल्याकडे वजनाच्या मोठ्या काट्याला धर्मकाटा म्हणतात. नीतिसूत्रे ११:१ मधला खोट्या तराजूचा वीट याच नावात आहे असं मला वाटतं. कापूस विकायला नेताना त्यावर पाणी मारणारे आहेत. व्यापारी कट्टी (वजनातली घट) कापतो म्हणून आम्ही पाणी मारतो, असं ते सांगतात. तसं करू नका. व्यापारी कापतो तर धर्मकाट्याची पावती आधी घ्या, दोन ठिकाणी भाव विचारा, चार कास्तकार मिळून गाडी न्या. तुमच्या दुकानातल्या किंवा मिलमधल्या काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का वेळच्या वेळी मारून घ्या आणि काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे करा. एवढ्या एका गोष्टीने माझं गिऱ्हाईक वाढलं.

मजुरीबद्दल लेवीय १९:१३ एका ओळीत सांगून मोकळं होतं: मजुराची मजुरी सकाळपर्यंत तुझ्याकडे राहू नये. आमच्या वावरात वेचणी संपते तेव्हा दिवस बुडालेला असतो. बाया धुऱ्यावर (बांधावर) आपापली गाठोडी घेऊन रांगेत बसतात. कडुनिंबाला काटा टांगलेला. एकेकीचं गाठोडं लागतं, किलो मोठ्याने पुकारायचे, वहीत लिहायचे, आणि लिहिलेलं तिला मोबाईलच्या उजेडात दाखवायचं. पैसे तिथेच, त्याच संध्याकाळी. पूर्वी मी "बाजाराच्या दिवशी एकदम देतो" म्हणायचो. मग एका बाईने सांगितलं की तोवर ती किराणा दुकानातून उधार आणते आणि दुकानदार उधारीवर भाव जास्त लावतो. माझ्या सोयीची किंमत ती भरत होती. मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं सांगणारा याकोब ५:४ मी कितीतरी वेळा वाचला होता, त्या दिवशी तो माझ्या धुऱ्यावर उभा राहिला.

सरवा हा शब्द आपल्याकडे अजून जिवंत आहे. सोयाबीनची सोंगणी झाली की शेंगा वेचायला बाया आणि म्हाताऱ्या येतात. लेवीय १९:९ आणि रूथचा दुसरा अध्याय, दोन्ही ठिकाणी हाच सरवा. त्यांना हाकलू नका. धंद्यातही सरवा ठेवता येतो. मिलमध्ये शेवटी तुकडा डाळ उरते. ती मी वेचणीच्या बायांना नाममात्र भावाने देतो.

रविवार, खर्रा, दशांश

काही गावांचा आठवडी बाजार नेमका रविवारी भरतो. दुकान मांडणाऱ्या पोराला मी बाजार सोड असं सांगत नाही; सकाळची उपासना करून जा आणि आठवड्यातला दुसरा दिवस पूर्ण बंद ठेव, असं सांगतो. निर्गमातल्या आज्ञेत विसावा मालकाबरोबर दासाला आणि बैलालाही आहे, म्हणून सुट्टी मजुरालाही द्या.

किराणा टाकला की लोक पहिल्याच आठवड्यात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) मागतील. तो ठेवला नाही तर काही गिऱ्हाइकं जातात, हे खरं आहे. ठेवू नका. तोंडाच्या कॅन्सरची माणसं आपल्याच मिशन दवाखान्यांच्या रांगेत आपण पाहिली आहेत. त्या जागी चहा ठेवा, मोबाईल रिचार्ज ठेवा, पोरांच्या वह्या-पेन ठेवा.

दशांश, म्हणजे देवाला द्यायचा दहावा हिस्सा, विक्रीवर काढायचा की नफ्यावर, हा प्रश्न दर वर्षी येतो. धंद्याचं खातं आणि घरचं खातं वेगळं ठेवा. घरी जेवढं नेता त्यावर काढा. भांडवलातून दिलं तर दुकान बसेल, आणि मजुराची बाकी ठेवून दिलेलं अर्पण मला योग्य वाटत नाही. पावती घ्या.

मंडळीतल्या लोकांना उधारी देताना एक मर्यादा ठरवा आणि ती सगळ्यांना सारखी ठेवा, मग तो पंच असो की नवा बाप्तिस्मा झालेला. वसुली देवळाच्या आवारात करू नका.

मंडळीच्या हंगामाच्या सणाच्या (पीक हाती आल्यावरच्या उपकारस्तुतीच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी मी आणि बायको वही घेऊन बसतो. तेच तीन रकाने पुन्हा भरतो आणि मागच्या वर्षीच्या पानाशेजारी ठेवून बघतो. बँक, पोस्ट, फंड, विमा, सगळीकडे नॉमिनीचं नाव आहे ना, ते तपासतो. एकदा बायकोने लक्षात आणून दिलं की एका जुन्या खात्यावर अजून माझ्या वारलेल्या वडिलांचंच नाव होतं. सोमवारी जाऊन बदललं. वही कपाटात पवित्र शास्त्राच्या शेजारी ठेवतो, आणि ती तिथे आहे हे दोन्ही पोरांना माहीत आहे.